खाड्याचा दंड

दिवाळी सरली की हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव, औंढ्याकडच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक निघतात. त्यात भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं. कोणी वसमतच्या पूर्णा कारखान्याच्या ऊसफडात जातं, बरेच जण पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल त्या कोयत्यावर असते आणि ती ऊस तोडूनच फेडायची असते.

एक दिवस फडात गेलं नाही की खाडा पडतो. अनेक ठिकाणी त्याचे 500 रुपये लागतात, कुठे त्याहून जास्त. ही त्या दिवसाची बुडालेली मजुरी नव्हे. मजुरी टनावर मिळते. ऊस तोडला नाही की ती बुडतेच. खाड्याचे पैसे तिच्यावर आणखी. म्हणजे ताप आला, पाठ धरली, लेकराला दवाखान्यात न्यावं लागलं, याचा हा दंड आहे. हंगामाच्या शेवटी तो उचलीच्या हिशोबात मिसळतो, बाकी फिटत नाही आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा त्याच मुकादमाच्या ट्रकमध्ये बसावं लागतं.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने केली. 13 हजारांहून अधिक बायांची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यामागे कॅन्सरची भीती घालणारे दवाखाने होते, तसं पाळीच्या दिवसांतल्या खाड्याचं भयही होतं. हजेरीसाठी बाईने शरीराचा अवयव गमवावा, याहून कठोर हजेरीचा नियम मला ठाऊक नाही.

सुटीचा आणि गैरहजेरीचा हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली सुमारे 5,500 सह्यांचं निवेदन दिलं. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी आपल्याला आठवते. ती 10 जून 1890 रोजी मान्य झाली. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, ही मागणीही त्याच निवेदनात होती. पुढे 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने एकट्यादुकट्या कामगाराच्या गैरहजेरीला मर्यादा घातली : जेवढा वेळ गैरहजर, कपात तेवढ्यापुरतीच. पण कारखान्याच्या फाटकाआत उसाची साखर करणारा कामगार ठरतो, आणि तोच ऊस फडात तोडणारा मात्र कागदोपत्री कारखान्याचा कोणीच नसतो. त्याच्या आणि कारखान्याच्या मध्ये मुकादम उभा असतो.

म्हणून सुरुवात उचलीपासूनच करावी. तो पैसा बहुतेक वेळा कारखान्याकडूनच मुकादमाकडे येतो. देतानाच कारखान्याने करारात लिहून घ्यावं : आजारपण, पाळी, बाळंतपण आणि घरातला मृत्यू, यांचा खाडा धरायचा नाही. यंदाच्या गळीत हंगामाचे करार होतील, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या संचालकांना सभासदांनी या कलमाबद्दल विचारावं.