बाविशीतलं लिखाण

डेव्हिड स्नोडन यांनी 1986 साली अमेरिकेत एक अभ्यास सुरू केला. ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघातल्या 678 नन त्यात सामील झाल्या. सगळ्यांनी पंचाहत्तरी गाठलेली, आणि मृत्यूनंतर मेंदू तपासायला देण्याचंही सगळ्यांनी मान्य केलेलं. त्यांतल्या 93 जणींनी संघात येताना, साधारण बाविशीत, लिहिलेली छोटी आत्मवृत्तं जपलेली होती. कोणाच्या वाक्यांत विचार दाटीनं येतात, कोणाच्या विरळ, हे संशोधकांनी मोजलं. 1996 साली निष्कर्ष छापून आला. तोवर वारलेल्या 14 जणींपैकी विरळ लिहिणाऱ्या प्रत्येकीच्या मेंदूत अल्झायमर सापडला होता, दाट लिहिणाऱ्या एकीच्याही नाही.

चौदा हा आकडा लहान आहे. शिवाय आजाराची चाहूल बाविशीतच लागली होती, की घडलेल्या बुद्धीनं पुढे आजाराला थोपवलं, हे त्यावरून कळत नाही. याच अभ्यासातल्या सिस्टर मेरी 101 वर्षं जगल्या. मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर, तरी चाचण्यांत त्या शेवटपर्यंत तल्लख. समूहाचं भाकीत एका बाईच्या कपाळी चिकटवताना म्हणूनच मला भीती वाटते.

भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, खेड्यांत जास्त, कमी शिकलेल्यांत जास्त. आपल्या कितीतरी आज्यांनी बाविशीत काय लिहिलं, हे कोण तपासणार? तोवर त्यांच्या पदरी दोन-तीन मुलं होती आणि हातात पाटी कधी आलीच नव्हती. स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी वापरली जाणारी एक चाचणी मुळात एक वाक्य लिहायला सांगते. हरियाणातल्या बल्लभगडला मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ती निरक्षरांसाठी बदलली: लिहू नका, घराबद्दल काहीतरी सांगा. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. न शिकवलेल्या बाईला न शिकल्याबद्दल नापास करणं त्यानं थांबवलं.

रक्ताच्या तपासणीतून अल्झायमर ओळखण्याची सोय आता होऊ लागली आहे. ती येवो. पण ‘लॅन्सेट’च्या आयोगानं 2024 साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली. त्यांत अपुरं शिक्षण आहे, ऐकू न येणं आहे, उपचाराविना राहिलेली कमजोर नजरही आहे. घरात मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून लांबतं ते बहुधा आईचं, आणि कानाच्या मशीनचा खर्च तीच नको म्हणते. आजार कधी येईल हे विचारण्याआधी तिला नीट दिसतं का, ऐकू येतं का, हे विचारायला कुठलंही यंत्र लागत नाही.