शांतीचे सूर आणि ख्यातीची वही

गेल्या वर्षी आपल्या साधना शिबिरासाठी एका ध्यानाच्या ध्वनिफितीचे मराठी भाषांतर माझ्याकडे आले होते. सूचना मराठीत आल्या, एका ताईंनी त्या शांत आवाजात वाचल्या आणि मागे वाजण्यासाठी मी इंटरनेटवरून एक बासरी उतरवून घेतली. शिबिराच्या शेवटच्या दिवशी एक वयस्कर काका जवळ आले. म्हणाले, "सूचना छान होत्या, पण मला आत नेले ते त्या बासरीने. कोण वाजवतंय रे?"

मला सांगता आले नाही. फाइल उतरवताना मी नाव पाहिलेच नव्हते. नंतर शोधले, सापडले नाही. आमच्यातल्या एकाने समजूत घातली, "अरे, ध्यानात स्वतःचे नाव विसरायचे असते, वाजवणाऱ्याचे कशाला हवे?" तेव्हा हे उत्तर पटले, पण मन शांत झाले नाही. त्या अस्वस्थतेतून हा लेख लिहितो आहे. प्रश्न असा : जे संगीत माणसाला अहंकारापासून दूर नेण्यासाठी केले जाते, त्याच्या कर्त्याने नावाची इच्छा धरावी का? आणि त्याने धरली नाही, तर ऐकणाऱ्याने त्याचे नाव टाकून द्यावे का?

ज्याला आज 'न्यू एज' संगीत म्हणतात, त्यात बासरी, तंबोरा, घंटानाद, मंत्र, पाण्याचा आवाज असे बरेच काही एकत्र येते. ऐकणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात हा त्याचा हेतू नसतो. त्याचा श्वास संथ व्हावा एवढाच असतो. तरीही या संगीताला मान्यतेच्या सगळ्या पायऱ्या आहेत. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ग्रॅमी पुरस्कारांत त्यासाठी वेगळा विभाग सुरू झाला आणि पहिला मान स्वित्झर्लंडचे हार्पवादक आंद्रेआस फोलेनवायडर यांना मिळाला. बंगळुरूचे रिकी केज यांनी २०१५ आणि २०२२ मध्ये या विभागात पुरस्कार मिळवला. २०२५ मध्ये चेन्नईत वाढलेल्या चंद्रिका टंडन यांच्या 'त्रिवेणी' या मंत्रगायनाच्या अल्बमला तो मिळाला. त्यात बासरीवादक वाउटर केलरमन आणि चेलोवादक एरू मात्सुमोतो त्यांच्या सोबत होते. अल्बम स्पर्धेसाठी पाठवावा लागतो, संस्थेचे सभासद मते देतात, मग निकाल लागतो. म्हणजे मौनाकडे नेणाऱ्या संगीतालाही आधी आपल्याकडे लक्ष वेधून घ्यावे लागते.

पुरस्कार थोड्यांनाच मिळतो. बाकीच्यांची ओळख मोबाइलवरच्या आकड्यांनी ठरते. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद ऐकले की एकदा ऐकले असे मोजतात. पुढे तुम्ही २० मिनिटे डोळे मिटून बसलात तरी मोजणी एकच. २०२४ पासून तर मागच्या १२ महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला तिथे मानधनच मिळत नाही. अशा वेळी लांब, संथ रचना करणाऱ्याला तिचे लहान तुकडे करावेसे वाटले, तर त्याला दोष कसा द्यावा? पण माप बदलले की काम बदलते, आणि इथेच साधकाने सावध व्हायला हवे.

मी वाणिज्य शाखेत शिकतो. आमच्या पुस्तपालनाच्या पुस्तकात 'ख्याती' नावाचे एक प्रकरण आहे. धंद्याने वर्षानुवर्षे मिळवलेला नावलौकिक म्हणजे ख्याती. तिचा एक नियम गमतीचा आहे. लेखा मानक २६ प्रमाणे स्वतः कमावलेली ख्याती स्वतःच्या वहीत मालमत्ता म्हणून लिहिता येत नाही. दुसऱ्याने पैसे मोजून ती विकत घेतली, तरच ती त्याच्या वहीत चढते. परीक्षेसाठी पाठ केलेला हा नियम त्या बासरीमुळे मला नव्याने कळला. आपली ख्याती आपण लिहायची नाही. पण ज्याने तिचा लाभ घेतला, त्याने मात्र लिहायलाच हवी.

हा हिशेब ज्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो असे एक संतकवी तंजावरच्या मुलुखात होऊन गेले. त्यागराजांचा काळ १७६७ ते १८४७. तेव्हा तंजावरच्या गादीवर आपले भोसले होते. सरफोजीराजे दुसरे यांनी त्यागराजांना दरबारात बोलावले आणि त्यांनी ते नाकारले, असे परंपरा सांगते. तिरुवैयारूच्या गल्लीत नामस्मरण करत भिक्षा मागावी आणि रामासाठी गावे, हा त्यांचा क्रम होता. राजमान्यता नाकारणारा हा माणूस कीर्तीपासून किती दूर असेल! पण त्यांच्या कृतींच्या शेवटी पाहा. तिथे 'त्यागराज' ही मुद्रा असते. आपल्या नामदेव-तुकोबांच्या अभंगांतही ती असतेच. राजाचे दान नाकारणाऱ्याने सही नाकारली नाही.

मला वाटते, नाव आणि कीर्ती यांतला फरक इथेच आहे. मुद्रा म्हणजे 'मला पाहा' असे म्हणणे नव्हे. 'हे मी बोललो, याची जबाबदारी माझी, आणि हे तुझ्या चरणी' असे देवाला सांगणे म्हणजे मुद्रा. कीर्ती लोकांकडे तोंड करून मागितली जाते, मुद्रा देवाकडे तोंड करून उमटवली जाते. म्हणून कलाकाराने आपले नाव लिहिले की त्यात अहंकार आलाच, असे आपण मानू नये.

मग त्यागराजांना मान्यता मिळवून कोणी दिली? त्यांच्या शिष्यांनी. वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर यांच्यासारख्यांनी कृती लिहून ठेवल्या, पुढच्यांना शिकवल्या. समाधीची दुरवस्था झाली होती, तेव्हा बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःची पुंजी खर्चून १९२० च्या दशकात तिथे मंदिर उभारले. त्या काळी आराधनेत स्त्रियांना गायला जागा नव्हती. जिथे स्वतःला गाता येत नव्हते, तिथे तिने दुसऱ्याचे नाव जपले. दरवर्षी पुष्य वद्य पंचमीला जमणारे हजारो गायक आज तिचे ऋणी आहेत.

याच मुलुखात नाव हरवल्याचेही उदाहरण आहे, आणि ते आपल्या मराठी माणसांचे आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरला आले, राहिले आणि त्यांनी कीर्तने केली. ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले प्रकार त्या हरिकथेत गेले. तेही त्या काळाचे नवे संगीतच होते. पण बुवांचे नाव आज महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे? दिंडी राहिली, आणणारा विसरला गेला. तो दोष बुवांचा नाही.

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडु लागते. सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ तिथे छत्र बांधले. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंना तिथे निवारा आणि अन्न मिळे. राजाने त्या छत्राला स्वतःचे नाव दिले नाही, तिचे दिले. पंगतीला बसणाऱ्याला ती कोण हे माहीत असण्याची अट नव्हती. भूक भागली की काम झाले. पण छत्राला 'मुक्तांबाळ छत्र' म्हणणे चालू राहिले आणि एका स्त्रीची आठवण दोनशे वर्षे टिकली. देणाऱ्याने नाव विचारून वाढू नये, आणि घेणाऱ्याने जेवून नाव विसरू नये. ध्यानाच्या संगीतालाही हेच लागू आहे.

इथे एक गोष्ट स्वतःलाच बजावून सांगतो. त्यागराजांनी राजाचे धन नाकारले, तो त्यांचा निर्णय होता. 'अध्यात्मात पैसा कसला, नाव कसले' असे म्हणून आपण एखाद्या बासरीवाल्याचे काम फुकट आणि निनावी वापरले, तर तो त्याचा त्याग ठरत नाही. ती आपली सोय असते. दुसऱ्याच्या त्यागावर आपण पुण्य कमावू नये. फलाची आसक्ती सोडण्याचा गीतेचा उपदेश मी स्वतःला करू शकतो. ज्याचे घेतले आहे त्याला करण्याचा मला अधिकार नाही.

आणि खरे सांगायचे तर मीही सुटलेलो नाही. पहिले भाषांतर संकेतस्थळावर आले, तेव्हा खाली माझे नाव आहे का, हे मी तीनदा पाहिले होते. नव्हते. त्या दिवशी वाईट वाटले. आता वाटत नाही असे म्हणणार नाही, पण आता ते माझ्या साधनेचे काम आहे हे कळले आहे. बासरीवाल्याचे नाव शोधणे मात्र माझे कर्तव्य होते, आणि ते मी केले नव्हते.

ती फीत आम्ही काढून टाकली. नव्या फितीत आपल्याच एका कार्यकर्तीने तंबोरा वाजवला आहे. "नाव कशाला?" असे ती म्हणाली. आम्ही ऐकले नाही. ध्यान संपून डोळे उघडले की अर्धा मिनिट शांतता आहे, आणि मग एका वाक्यात तिचे नाव.