दंतकथेखाली दडपलेला कवी

ऐन तारुण्यात स्वहस्ते आयुष्य संपविणाऱ्या कवीकडे वाचक वळतात ते बहुधा त्याच्या मृत्यूची हकीकत ऐकून; आणि ती हकीकत एकदा मनात ठाण मांडून बसली, की त्याची प्रत्येक ओळ त्या अखेरच्या घटनेचा पुरावा म्हणून दप्तरी दाखल होऊ लागते. पोलंडचा कवी राफाउ वोयाचेक याच्यावर हा अन्याय गेली पन्नास वर्षे होत आला आहे. त्याचे दुःख खोटे होते असे मला म्हणावयाचे नाही. परंतु त्या दुःखाच्या बोलबाल्यात त्याने आयुष्यभर, म्हणजे जेमतेम पंचवीस वर्षे, ज्या एका गोष्टीवर अढळ निष्ठा ठेवली, ती गोष्ट आपण विसरलो.

६ डिसेंबर १९४५ रोजी, महायुद्ध संपून काही महिनेच झाले असताना, अप्पर सायलेशियातील मिकोवुफ या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. क्राकूफच्या विद्यापीठातील पोलिश साहित्याचे अध्ययन त्याने लवकरच सोडून दिले आणि तो व्रोत्सवाफ शहरी येऊन राहिला. १९४५ पर्यंत जर्मनांचे ब्रेस्लाउ असलेले हे नगर युद्धात उद्ध्वस्त झाले, सरहद्दी बदलल्यावर तेथील जर्मन रहिवासी हद्दपार झाले आणि त्यांच्या घरांत दूरवरून विस्थापित होऊन आलेले पोलिश लोक येऊन राहिले. अशा, कोणाच्याच पूर्वजांच्या नसलेल्या शहरात वोयाचेकने आपली कविता लिहिली. उदरनिर्वाहासाठी त्याने शहर-सफाईच्या सरकारी उपक्रमात गाड्या रवाना करण्याची नोकरी पत्करली होती. मद्यपान अनावर होते आणि मनोरुग्णालयाचा मुक्कामही त्याला चुकला नाही. ११ मे १९७१ रोजी त्याने आपले जीवन संपविले.

पोलंडमध्ये तेव्हा साम्यवादी राजवटीचा अंमल होता आणि छापील अक्षर प्रसिद्धीपूर्वी सरकारी तपासणीतून जात असे. तरीही वोयाचेकला बंडखोर हुतात्मा ठरविणे योग्य होणार नाही. १९६५ साली, तिमोतेउष कार्पोविच या ज्येष्ठ कवीच्या पाठिंब्याने, ‘पोएझ्या’ मासिकातून त्याचे पदार्पण झाले. १९६९ मध्ये ‘सेझोन’ आणि १९७० मध्ये ‘इन्ना बायका’ हे संग्रह रीतसर प्रसिद्ध झाले. डिसेंबर १९७० मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील कामगारांवर सरकारने गोळीबार केला आणि त्यानंतर पाचच महिन्यांनी हा कवी गेला, म्हणून या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला मला आधार दिसत नाही. त्याचे भांडण राजवटीपेक्षा कितीतरी खोलवर, स्वतःच्या देहाशी, आईशी, ईश्वराशी आणि असण्याशीच होते.

या भांडणाची भाषा रक्ताची, भुकेची आणि लैंगिक वासनेची आहे. कित्येक ठिकाणी ती मुद्दाम किळस आणणारी आहे. परंतु ज्या साच्यात ती ओतली आहे तो पाहावा; त्याची अढळ निष्ठा होती ती याच साच्यावर. ज्या काळी मुक्तछंद हा कवितेचा राजमार्ग झाला होता, त्या काळी हा तथाकथित बेबंद तरुण यमके जुळवीत होता, अक्षरांचा हिशोब सांभाळीत होता आणि दोन-दोन ओळींच्या कडव्यांत आपला आकांत बसवीत होता. कडवे दोन ओळींनी मिटते, परंतु वाक्य मिटत नाही. ते ओळीच्या टोकाशी अडखळून पुढच्या कडव्यात उतरते, आणि या ओढाताणीत वाचकाचा श्वास कवीच्या श्वासाशी बांधला जातो. आवेगाच्या भरात मनुष्य किंचाळू शकेल, भिंतीवर मुठी आपटू शकेल. असे कडवे मात्र त्याला रचता येणार नाही. त्यासाठी थांबावे लागते, खोडावे लागते, शब्दाचे वजन पुन्हा पाहावे लागते. वोयाचेकला जी स्वस्थता आयुष्याने कधी दिली नाही ती त्याने कवितेपुरती स्वतः निर्माण केली, असे मी मानतो.

त्याच्या काही कविता स्त्रीच्या मुखाने बोलतात. पोलिश भाषेत भूतकाळाचे क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग उघड करते, जसे आपल्याकडे ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांत ते उघड होते. म्हणून पहिल्याच क्रियापदाशी वाचकाला कळते की येथे बोलणारा ‘मी’ कवी नव्हे. एवढे कळूनही त्याच्या कवितांना सरसकट आत्मकथन समजावे, हे टीकेचे दारिद्र्य होय. आणखी काही कवितांत ‘राफाउ वोयाचेक’ नावाचे पात्रच वावरते. ज्याने स्वतःचे नाव पात्राला देऊन स्वतःपासून दूर उभे राहण्याची सोय केली, त्याला लोकांनी पुन्हा त्या पात्रात कोंबले.

दंतकथेने यापुढचे काम केले. १९८६ साली निघालेल्या एका ग्रंथाने अकाली गेलेल्या लेखकांना ‘साहित्यातील जिवावर उदार कसरतपटू’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि वोयाचेकच्या पंक्तीला हृदयविकाराने गेलेले आंद्रझेय बुर्सा आणि हालिना पोश्व्यातोव्स्का हे कवीही येऊन बसले. आपल्या दुबळ्या हृदयाशी झुंजत वर्षानुवर्षे जगू पाहणारी पोश्व्यातोव्स्का आणि जगणे नाकारणारा वोयाचेक यांना एका माळेत ओवणे मला क्रूरपणाचे वाटते.

१९९९ साली लेख मायेव्स्की या दिग्दर्शकाने वोयाचेकवर कृष्णधवल चित्रपट काढला आणि प्रमुख भूमिका सायलेशियाच्याच क्शिश्तोफ सिव्चिक या तरुण कवीला दिली. चित्रपट देखणा आहे, पण त्यात माणूस सतत दिसतो आणि कवी क्वचित. त्यापेक्षा मिकोवुफमधील वोयाचेकच्या घराची झालेली व्यवस्था मला अधिक उचित वाटते. तेथे आता त्याच्या नावाची संस्था आहे, आणि ती त्याची स्मृती जपण्याबरोबरच हयात कवींचे नवे संग्रहही छापते.