पाहुण्यांसाठी सजलेले गाव

आपल्याकडे बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर काही कपबश्या असतात. त्यांवर नक्षी असते, काठाला सोनेरी रेघ असते, आणि घरातल्या माणसांनी त्यांतून क्वचितच चहा घेतलेला असतो. त्या पाहुण्यांच्या. दिवाळीत त्या खाली उतरतात, चार दिवस बैठकीत मिरवतात आणि भाऊबीज झाली की पुन्हा वर जातात. घरची मंडळी कान तुटलेल्या कपांतून चहा पितात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. यात काही गैर आहे काय, असा प्रश्न माझ्या मनात उभा केला तो एका जुन्या स्पॅनिश विनोदी चित्रपटाने.

त्याचे नाव 'बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल'. आपल्या भाषेत सांगायचे तर 'यावे, मार्शलसाहेब!' लुईस गार्सिआ बेर्लांगा या दिग्दर्शकाचा हा चित्रपट १९५३ साली लोकांपुढे आला. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या युरोपला सावरण्यासाठी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी १९४७ साली मदतीची कल्पना मांडली, आणि १९४८ ते १९५२ या काळात सुमारे तेराशे कोटी डॉलर तिकडे गेले. जनरल फ्रँकोच्या स्पेनला मात्र या पंगतीत पान मांडले नव्हते. शेजाऱ्याकडच्या जेवणाचा वास येतो आहे आणि आपल्याला बोलावणे नाही, अशा घरात पोरांची जी अवस्था होते ती या चित्रपटातल्या गावाची आहे.

गावाचे नाव विलार देल रिओ. कास्तिल प्रांतातले एक धुळकट, गरीब खेडे. एके दिवशी सरकारी अधिकारी मोटारीतून येतो आणि सांगतो, अमेरिकन येत आहेत, स्वागत झोकात झाले पाहिजे. महापौर दोन पाब्लो कानाने अधू. तो गोंधळतो. तेव्हा गावात मुक्कामाला असलेल्या गाणारणीचा व्यवस्थापक मानोलो पुढे होतो. आपण अमेरिकेत बरीच वर्षे काढली आहेत असे सांगणारा हा माणूस. त्याचे म्हणणे असे की अमेरिकनांना स्पेन म्हणजे दक्षिणेकडचा अंदालुसिआच ठाऊक. पांढरी घरे, कुंड्या, झालरीचे झगे आणि बैलांच्या झुंजी. झाले! लाकडी चौकटींवर खोट्या भिंती उभ्या राहतात, शेतकरी रुंद काठाच्या टोप्या घालतात, गल्ल्यांची नावे बदलतात. आपल्या घाटावरच्या एखाद्या गावाने परदेशी पाहुण्यांसाठी राजस्थानी पगड्या बांधून घुमर धरावी, तसाच हा प्रकार.

गंमत अशी की खुद्द चित्रपट काढणाऱ्यांवरही हीच पाळी आली होती. निर्मात्यांना लोलिता सेविल्या या गायिकेसाठी अंदालुसी गाण्यांचा चित्रपट हवा होता. बेर्लांगा आणि त्याचे जोडीदार लेखक हुआन अंतोनिओ बार्देम व मिगेल मिउरा यांनी गाणी दिली, झगेही दिले, आणि त्या झग्यांचीच थट्टा करून ठेवली. पोटासाठी लिहिणाऱ्या माणसाला ही युक्ती फार जवळची वाटते.

या गावाला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. पाहणाऱ्याच्या मनात एकच चित्र असेल आणि त्याच्या हाती पैशाची थैली असेल, तर गरिबाने ते चित्र अंगावर चढवले यात त्याचा दोष कितीसा? ज्याला भूक नाही त्याने स्वाभिमानाच्या गोष्टी सांगाव्यात, त्या शोभतातही. गावातला जुना सरदार दोन लुईस तशा सांगतो. त्याच्या लेखी अमेरिकन म्हणजे त्याच्या पूर्वजांना मारून खाणारे रानटी लोक! पण त्याच्या घरात पूर्वजांच्या तसबिरींखेरीज फारसे काही उरलेले नाही.

माझे मन अडते ते दुसऱ्या एका प्रसंगाशी. चौकात टेबल मांडले जाते आणि गावकरी रांगेने येऊन, अमेरिकनांकडून काय हवे ते लिहून देतात. प्रत्येकी एकच वस्तू. हुआन नावाच्या शेतकऱ्याच्या स्वप्नात तर विमानातून ट्रॅक्टर खाली येतो. महापौर, पाद्री, सरदार यांचीही स्वप्ने आपल्याला दिसतात. शिक्षिका एलोइसाबाईंचे तेवढे दिसत नाही. (मास्तरकी करणाऱ्याच्या नजरेतून हे सुटत नाही, एवढेच.) इतकी वर्षे शेजारी राहणाऱ्या या माणसांना, बाबा रे, तुला काय हवे, असे त्या टेबलाआधी कोणी विचारले होते काय?

मी पूर्वी ज्या एका शाळेत होतो तेथे तपासणीचा दिवस ठरला की कपाटातून पृथ्वीचा गोल बाहेर येई. नवे नकाशे भिंतीवर लागत, पिण्याच्या पाण्याच्या माठावर झाकण येई, रंगीत खडूंची पेटी टेबलावर दिसे. साहेब येत, पाहत, शेरा लिहीत आणि जात. दुसऱ्या दिवशी गोल पुन्हा कुलपात. एकदा चौथीतल्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, साहेब उद्यापण येणार का?" मी म्हटले, "नाही रे. का?" तो म्हणाला, "गोल फिरवायचा राहिला."

त्या गोलात खोटे काहीच नव्हते. तो शाळेचाच होता, सरकारी पैशाने मुलांसाठी घेतलेला. झाकण खरे होते, खडू खरे होते. पाहुण्यासाठी आपण खोटे काढतो हे दुःख लहान आहे. आपल्याजवळचे खरे आणि चांगले तेही त्याच्याचसाठी राखून ठेवतो, हे मोठे. बायकामुलांशी वर्षभर तुसडेपणाने बोलणारा गृहस्थ पाहुण्यांपुढे किती गोड बोलतो! तो गोडवा त्याने उसना आणलेला नसतो. घरातच असतो, वरच्या फळीवर.

अखेर तो दिवस उजाडतो. गाव नटूनथटून रस्त्याच्या दुतर्फा उभे आहे, बँड तयार आहे. मोटारींचा ताफा येतो आणि धुरळा उडवीत भरधाव निघून जातो. एकही मोटार थांबत नाही. मग पाऊस येतो आणि कागदी निशाणे गटारातून वाहत जातात. १९५३ च्या कान महोत्सवात परीक्षक असलेले अमेरिकन नट एडवर्ड जी. रॉबिन्सन यांना त्यात आपला राष्ट्रध्वज वाहताना दिसला आणि त्यांनी हरकत घेतली. चित्रपटाला तेथे पारितोषिक मिळालेच.

पुढे स्पेनमध्ये पाहुणे खरोखर आले आणि थांबलेही. १९६० साली साठ लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या १९७३ पर्यंत तीन कोटींच्या वर गेली. १९६८ साली तर पर्यटक आपल्याही खेड्यात यावेत म्हणून धडपडणाऱ्या महापौरावर पेद्रो लासागा यांनी वेगळा विनोदी चित्रपट काढला. तो हसवतो, पण विलार देल रिओतली ती रांग त्यात नाही.

ती दुसरी रांग. सजावटीचे कर्ज फेडायचे आहे, आणि तीच माणसे, मागण्या लिहून देणारी, आता घरातून काहीबाही घेऊन चौकात येतात. कोणाच्या हाती काय, कोणाच्या हाती काय. ज्याने अमेरिकनांचे तोंडही पाहायचे नाही असे ठरवले होते, तो म्हातारा दोन लुईसही येतो आणि पूर्वजांची तलवार त्या ढिगात ठेवतो. तिची किंमत किती येणार, हे त्याला कोणी विचारत नाही.