दाताळं मागे, डोळे पुढे

मेढ्याच्या आसपास ज्यांच्या घराला परडं आहे, त्यांना पावसाळ्यानंतरचं एक काम चुकत नाही. वेण्णेच्या खोऱ्यातला पाऊस जबर. तो सरला की उतारावर दगड उघडे पडतात, गवत वाळून आडवं होतं, पुढे पानगळ सुरू होते. हे सगळं ओढून कडेला लावायचं असतं. हातातलं दाताळं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलं आहे. आता छोट्या ट्रॅक्टरमागे जोडायचं, स्प्रिंगच्या दातांचं रुंद दाताळंही मिळतं. ते घ्यावं का, या व्यवहारी प्रश्नाच्या पोटात मला दुसराच प्रश्न दिसतो: आपल्या पाठीमागे जे घडतं, त्याला आपण किती जबाबदार?

हातातलं दाताळं आपण स्वतःकडे ओढतो. पाय मागे सरकतात, नजर दातांवर असते. कुळवाचंही तसंच. बैल पुढे, पास मध्ये, रुमणं धरलेला माणूस शेवटी. मृगाआधीच्या कुळवणीत टिटवीची अंडी सापडतात. ती उघड्या रानात, खड्यांच्या रंगात मिसळून गेलेली असतात. दिसली तर कुळव उचलून पलीकडे टेकवता येतो. ट्रॅक्टरने हा क्रम उलटा केला. माणूस पुढे, अवजार मागे. चालवणाऱ्याला समोर पाहावंच लागतं, आणि मान वळवून पाहिलं तरी दिसतं ते घडून गेलेलं.

ग्युंथर अँडर्स या विचारवंताने १९५६ साली असं मांडलं की माणूस जे घडवू शकतो, त्याची कल्पना करणं त्यालाच जमेनासं झालं आहे. त्याच्या डोळ्यांसमोर अणुबॉम्ब होता. परड्यातलं दाताळं त्यापुढे किरकोळ, पण करणं आणि दिसणं यांच्यात पडलेलं अंतर त्याच जातीचं आहे.

‘दिसलंच नाही’ ही सबब आपण सहज मान्य करतो. न दिसणं हा योगायोग असेल तर ती खरीही आहे. पण वेगासाठी आपणच न दिसणारी मांडणी निवडली असेल, तर जबाबदारी संपत नाही. ती निवडीच्या क्षणापाशी जाऊन थांबते. एकदा सीटवर बसल्यावर फारसं काही हातात उरत नाही. म्हणून दाताळं घेताना पाहायच्या गोष्टी मला निव्वळ तांत्रिक वाटत नाहीत. त्याची रुंदी ट्रॅक्टरच्या चाकांइतकी तरी हवी, म्हणजे चाकोऱ्या पुसल्या जातात. तिरकं लावता आलं की कचरा कडेला सरकतो. पण सर्वांत आधी पाहावीत ती खोली आवरणारी चाकं. ती नसतील तर दात गवताबरोबर वरची मातीही उकरतात. उतारावरची मोकळी माती पुढच्या पावसात ओढ्याला लागते, वेण्णेत जाते आणि कण्हेर धरणात बसते. तिथवर तर कुणाचीच मान वळत नाही.

याचा अर्थ जुनं ते सोनं, असा नाही. कुळवामागून धसकटं वेचत बायका आणि पोरं चालत. सगळ्यांत शेवटी त्या असत, सगळ्यांत जास्त त्यांना दिसे, आणि रानाबद्दलचा निर्णय मात्र त्यांच्या हाती नसे. त्यांची कंबर वाचवणाऱ्या यंत्राला नाक मुरडायचा अधिकार मला नाही. नुसतं दिसण्याने माणूस जबाबदार होत नाही. जे दिसलं त्यावर थांबता यावं लागतं.

यंत्र घेतलं म्हणून पाहण्याचं काम सुटत नाही, ते फक्त आधी करावं लागतं. ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी परड्यात पायी एक फेरी मारायची. गवतात आपसूक उगवलेलं आंब्याचं रोप असतं, बांधाच्या कपारीत धामणीचं बिऱ्हाड असतं. तिथे काठी रोवून खूण करायची. तीव्र उताराचा तुकडा हातातल्या दाताळ्यासाठी ठेवायचा. यात अर्धा तास जातो. पण यंत्राने वाचवलेल्या वेळावर पहिला हक्क त्या फेरीचाच आहे.