शस्त्र बाळगणाऱ्याने मत मागावे काय?



ज्या संघटनेने हाती शस्त्र घेतले आहे, तिला निवडणूक लढविण्याची मुभा असावी काय? हा प्रश्न आता केवळ राज्यशास्त्राच्या ग्रंथांत राहिलेला नाही. जुम्याच्या नमाजनंतर तरुण मुले तो मशिदीच्या पायऱ्यांवर विचारतात. आपली अडचण अशी की, उत्तर देण्यापूर्वी आपण संघटनेचे नाव विचारतो. नाव आपल्या सहानुभूतीतले असले, तर ‘लोकांनी निवडून दिले, मग आक्षेप कसला?’ असे म्हणतो. नाव परके असले, तर ‘मारेकऱ्यांना विधिमंडळात जागा कशी?’ असे विचारतो. न्यायाची साक्ष स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरुद्ध जात असली तरीही ती द्यावी, अशी आज्ञा सूरह निसामध्ये आहे. तेव्हा नाव बाजूला ठेवून विचार करू.

इस्लामच्या आरंभकाळात मतपेट्या नव्हत्या, हे खरे. परंतु सशस्त्र बंडखोरांना समाजात कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न तेव्हाही उभा राहिला होता आणि तो फार कठोर रूपात उभा राहिला होता. हजरत अली (रजि.) कूफ्याच्या मशिदीत खुत्बा देत असताना खवारिजांपैकी लोक मध्येच उठून घोषणा देत. त्यांच्या मते खुद्द खलीफाच काफिर झालेले होते. राज्यकर्त्याविषयी याहून टोकाचे मत ते काय असू शकते? तरीही हजरत अलींनी त्यांना तीन हक्क जाहीरपणे दिले. मशिदीत येण्यापासून कोणी त्यांना अडविणार नाही. जोवर त्यांचे हात आमच्या हातांसोबत आहेत तोवर सार्वजनिक उत्पन्नातील त्यांचा वाटा थांबणार नाही. आणि त्यांनी आरंभ केल्याशिवाय आम्ही त्यांच्याशी लढणार नाही.

पुढे त्याच लोकांनी हजरत अब्दुल्लाह बिन खब्बाब (रजि.) आणि त्यांच्या गर्भवती पत्नीची हत्या केली. हजरत अलींनी मारेकरी स्वाधीन करण्यास सांगितले. आम्ही सर्वच त्यांचे मारेकरी आहोत, असे उत्तर आले. तेव्हा हिजरी ३८ मध्ये नहरवान येथे लढाई झाली. तीही सुरू होण्यापूर्वी हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या हाती अमानचा ध्वज देण्यात आला. जो या ध्वजाखाली येईल किंवा आपल्या गावी परतेल तो सुरक्षित, अशी घोषणा झाली आणि बरेच जण रणांगण सोडून गेले. त्यांपैकी कोणाला आधी आपले विचार बदल, असे सांगितले गेले नाही. रेषा हातावर ओढली होती, डोक्यावर नाही. फिकहमध्ये बंडखोरांविषयीचे जे नियम सिद्ध झाले, त्यांचा मोठा आधार याच आचरणात आहे.

ही रेषा निवडणुकीला लावून पाहा. मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मताला शहादत, म्हणजे साक्ष म्हटले आहे. मतदार एका माणसाच्या पात्रतेची ग्वाही देत असतो. साक्ष जबरदस्तीने घेतली, तर तिला साक्ष म्हणता येत नाही. आता ज्या मोहल्ल्यात एका उमेदवाराच्या घरी बंदुका आहेत आणि दुसऱ्याच्या घरी नाहीत, तेथील मतदार कोणती साक्ष देणार? बंदूक चालण्याची गरजच पडत नाही. ती आहे एवढे ठाऊक असणे पुरते.

लेबनॉनमध्ये हे दिसून आले. १९८९ च्या ताइफ करारानुसार सर्व सशस्त्र गटांनी शस्त्रे शासनाच्या स्वाधीन करावयाची होती. हिजबुल्लाहने ती ठेवली. दक्षिण भाग इस्रायलच्या ताब्यात आहे, हे त्याचे कारण होते आणि ते कारण खोटे नव्हते. १९९२ पासून हा पक्ष निवडणुका लढवू लागला. मे २००० मध्ये इस्रायली सैन्य तेथून निघाले, शस्त्रे मात्र राहिली. मे २००८ मध्ये सरकारने त्या संघटनेच्या दूरसंचार जाळ्याविरुद्ध निर्णय घेतला, तेव्हा तिच्या सैनिकांनी पश्चिम बैरूतच्या रस्त्यांचा ताबा घेतला आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. शत्रूसाठी राखलेली शस्त्रे शेजाऱ्यावर रोखली गेली. ज्या संघटनेला संसदेत हरल्यावर रस्त्यावर जिंकता येते, तिच्यासाठी निवडणूक हा केवळ एक जास्तीचा मार्ग असतो.

याच्या उलट उदाहरण इंडोनेशियातील आचे प्रांताचे आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारच कमी होते. तेथे १९७६ पासून ‘आझाद आचे’ चळवळ स्वातंत्र्यासाठी लढत होती. सुमारे पंधरा हजार माणसे त्यात मारली गेली असे मानतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तर प्रांताचा किनाराच धुऊन नेला. त्यानंतर १५ ऑगस्ट २००५ रोजी हेल्सिंकीत करार झाला. बंडखोरांनी ८४० शस्त्रे द्यावीत आणि त्याच टप्प्यांत सरकारने बाहेरून आणलेले सैन्य व पोलीस मागे घ्यावेत, असे ठरले. युरोपीय आणि आग्नेय आशियाई देशांचे निरीक्षक मोजणीला हजर होते. वर्ष संपण्यापूर्वी ती शस्त्रे नष्ट झाली. इंडोनेशियाच्या कायद्यात प्रांतापुरत्या पक्षांना वाव नव्हता. आचेसाठी तो करून देण्यात आला. डिसेंबर २००६ मध्ये इर्वंदी यूसुफ गव्हर्नर म्हणून निवडून आले. हे चळवळीचे जुने कार्यकर्ते त्सुनामीच्या दिवशी बांदा आचेच्या तुरुंगात होते आणि पाण्यातून जीव वाचवून निसटले होते.

पुढची कथा काही आदर्श नाही. नंतरच्या निवडणुकांत धाकदपटशा झाला, आणि इर्वंदींना लाचखोरीच्या प्रकरणात शिक्षाही झाली. पण २०१२ मध्ये ते हरले तेव्हा त्यांनी पद सोडले आणि २०१७ मध्ये पुन्हा मते मागूनच ते परत आले. आपल्या देशातील मिझोरममध्येही असेच झाले. १९८६ च्या करारानंतर लालडेंगांची मिझो नॅशनल फ्रंट सत्तेत आली, १९८९ ची निवडणूक हरली आणि जंगलाकडे न वळता विरोधी बाकांवर बसली. शस्त्र खाली ठेवले की नाही, हे विजयाच्या दिवशी कळत नाही. ते पराभवाच्या दिवशी कळते.

म्हणून माझे मत असे: विचार कितीही टोकाचा असो, दार बंद करू नये, पण शस्त्र आधी खाली ठेवले पाहिजे, नंतर नव्हे. यात शासनाचीही बाजू आहे, आणि ती सोयीस्करपणे विसरली जाते. अल्जीरियात इस्लामिक साल्व्हेशन फ्रंट हा मतदानाच्या मार्गाने आलेला पक्ष होता. डिसेंबर १९९१ च्या पहिल्या फेरीत त्याने २३१ पैकी १८८ जागा जिंकल्या आणि जानेवारीत लष्कराने दुसरी फेरीच रद्द केली. त्यानंतरच्या दहा वर्षांत त्या देशात जे रक्त सांडले, त्याला निरपराधांची गावे कापून काढणारे जबाबदार आहेतच. पण दार तोंडावर आपटणाऱ्यांनाही हिशेब द्यावा लागेल. पॅलेस्टाइनमध्ये जानेवारी २००६ ला हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या. मोठ्या राष्ट्रांनी तिला शस्त्रांसह उतरू दिले आणि हिंसा सोडण्याच्या व इतर अटी निकालानंतर घातल्या. पुढील वर्षी गाझाच्या रस्त्यांवर हमास आणि फतह यांच्या बंदुका परस्परांवर चालल्या. कब्जाखालील जनतेचा प्रतिकाराचा हक्क हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. पण पॅलेस्टिनी मतदाराला त्याच्याच भावाच्या बंदुकीपासून अमान हवी होती, आणि ती कोणीच दिली नाही. हुदैबियाच्या तहातील अटी जड होत्या, तरी त्या आधी ठरल्या होत्या. म्हणूनच हजरत अबू जंदल (रजि.) बेड्यांसह समोर आले, तेव्हाही पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दिलेला शब्द पाळला.

एक आक्षेप उरतो, आणि मला तो सर्वांत जड वाटतो. ज्यांची माणसे मारली गेली, त्यांनी मारेकऱ्याचे नाव मतपत्रिकेवर का वाचावे? सूरह माइदामध्ये सशस्त्र उपद्रव माजविणाऱ्यांची शिक्षा सांगितल्यानंतर, पकडले जाण्यापूर्वी तौबा करणाऱ्यांना वगळले आहे. परंतु हनफी फुकहांनी स्पष्ट केले की अशा तौबेने शासनाची ती शिक्षा टळते, माणसांचे हक्क टळत नाहीत. खुनाचा दावा वारसांकडे जातो आणि माफी करावयाची की नाही हे तेच ठरवितात. आधुनिक करारांत नेमके हेच निसटते. आचेच्या करारात सत्य व सलोखा आयोगाचे वचन होते. त्याचा प्रांतिक कायदा २०१३ मध्ये झाला आणि आयुक्त २०१६ मध्ये नेमले गेले. बंडखोरांना गव्हर्नरपद सुमारे दीड वर्षात मिळाले, विधवांना ऐकणारा माणूस मिळायला अकरा वर्षे लागली. सरकार आपल्या वतीने माफी देऊ शकते. ज्याने नवरा मारला तोच मत मागायला दारात आला, तर त्याला माफ करावे की दावा लावावा, हे फिकहने त्या बाईवरच सोपविले आहे.