दुःखाला प्रमाण कोणाचे?

घट डोळ्यांना दिसतो, अग्नी धुरावरून अनुमानाने कळतो. परंतु सुखदुःख ज्याचे त्यालाच, आणि तेही मन या अंतरिंद्रियाने कळते, असा नैयायिकांचा सिद्धान्त आहे. त्यातून ओघानेच निष्पन्न होते की, दुःखिताची जबानी हीच दुःखाची पहिली साक्ष होय आणि इतरांपाशी असते ते केवळ अनुमान. तत्त्व म्हणून हे कोणीही मान्य करील. पण एखादी तरुण मुलगी पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंग जड झाल्याची, छाती दुखत असल्याची, झोप उडाल्याची किंवा उगाच रडू कोसळत असल्याची तक्रार करते, तेव्हा वडीलधारी मंडळी तिची जबानी बाजूस सारतात आणि 'हे सगळ्याच बायकांना होते' असा निकाल देऊन मोकळी होतात.

आधुनिक वैद्यकाने या तक्रारीची रीतसर दखल घेतली ती १९३१ साली, न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीपूर्व ताणाचे वर्णन केले तेव्हा. पुढील संशोधनाने असे दाखवले की, ज्यांना हा त्रास तीव्रतेने होतो त्यांच्या रक्तातील अंतःस्रावांची पातळी बहुधा इतर स्त्रियांसारखीच असते. भेद असतो तो त्या स्रावांच्या नित्याच्या चढउताराला मेंदू जो प्रतिसाद देतो त्यात. त्यामुळे तपासणीचा कागद निर्दोष येतो आणि दुःख मात्र तसेच राहते. अशा वेळी कागदाला खरे आणि मुलीला खोटे ठरवणे हा प्रमाणांचा विपर्यास होय.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. १९७७ साली डायन रूबल यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पाळी अगदी उद्या-परवावर आली आहे अशी ज्या विद्यार्थिनींची समजूत करून दिली होती, त्यांनी, पाळीला अद्याप अवकाश आहे असे सांगितल्या गेलेल्या विद्यार्थिनींपेक्षा अधिक लक्षणे सांगितली. वस्तुतः सर्वांचीच पाळी सुमारे आठवड्यावर होती. म्हणजे समजुतीची छाया अनुभवावर पडते हे खरे. परंतु दोरीला साप समजून घाबरलेल्याचा साप खोटा असला, तरी त्याची भीती खरीच असते. भ्रम संभवतो तो दुःखाच्या कारणाविषयी आणि त्याच्या काळाविषयी. म्हणूनच वैद्यक निदानासाठी किमान दोन मासिक चक्रांची दररोजची नोंद मागते. साक्ष रद्द न करता ती ज्या त्या दिवशी लिहून घ्यावी, हाच त्यातील न्याय आहे.

धर्माने मात्र या साक्षीपुढे निराळीच अडचण उभी केली. इंद्राच्या ब्रह्महत्येचा तृतीयांश स्त्रियांनी पत्करला आणि तोच रजोरूपाने प्रकट होतो, अशी कथा तैत्तिरीय संहितेत आहे. रजस्वलेच्या स्पर्शाने घडलेल्या दोषाच्या क्षालनासाठी ऋषिपंचमीचे व्रत सांगितले गेले, आणि घरोघर 'बाजूला बसणे' रूढ झाले. आपल्या देहाची वार्ता म्हणजे दोषाची वार्ता, असे लहानपणापासून जिच्या मनावर बिंबवले, ती आपले दुःख कोणत्या तोंडाने सांगणार? देह जर विटाळातच उपजतो, तर सोवळा देह कोणाचा, असा प्रश्न चोखामेळ्याच्या पत्नी सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच आपल्या अभंगात विचारला होता. समाजाने अभंग गायिला, उत्तर मात्र टाळले.

न सांगितलेले दुःख मनातच राहते. परीक्षेची धास्ती, वसतिगृहातील अपुरी झोप आणि घरच्या खर्चाची विवंचना यांनी वाढलेला ताण लक्षणे तीव्र करतो, तीव्र लक्षणे पुन्हा ताण वाढवतात, आणि अखेर 'प्रकृती कशी आहे?' या प्रश्नाला ती मुलगी 'बरी नाही' असे उत्तर देते. त्या उत्तराला निव्वळ भावना म्हणून हिणवू नये. कारण सुश्रुतसंहितेने आरोग्याची व्याख्या करताना दोष, अग्नी व धातू यांच्या समतेबरोबरच आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही आवश्यक मानली आहे, आणि आपले मन प्रसन्न आहे की नाही, हे जिचे तिलाच ठाऊक.

तेव्हा आईवडिलांना, शिक्षकांना आणि वैद्यांना विनंती एवढीच की, मुलीचे म्हणणे आधी खरे धरावे, तिला रोजची नोंद ठेवण्यास साहाय्य करावे, आणि निराशा जीव नकोसा करण्याइतकी गडद होत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता तज्ज्ञाकडे न्यावे. तिच्या दुःखाला पहिले प्रमाण तीच आहे.